बूट-रिपेअर : दुरुस्तीच्या बटणाआधी अहवाल वाचावा

गेल्या सहा-सात वर्षांत बूट-रिपेअर हे, सुरू न होणारा लिनक्स संगणक दुरुस्त करणारे साधन मी घरच्या, नात्यातल्या आणि आमच्या गावच्या वाचनालयातल्या मिळून पंधरा-वीस संगणकांवर वापरले आहे. बहुतेक वेळा संगणक पुन्हा सुरू झाला. दोन वेळा मात्र दुरुस्तीनंतरची अवस्था आधीपेक्षा वाईट झाली, आणि त्या दोन्ही वेळा साधनाने समोर ठेवलेला मजकूर न वाचताच मी पुढे गेलो होतो. म्हणून या परीक्षणात मी अशा एका बाजूवर भर देणार आहे, जी लोक सहसा वगळतात. ‘एक बटण दाबा आणि बूटलोडर दुरुस्त करा’ अशी बूट-रिपेअरची ख्याती आहे, पण माझ्या मते त्याचे खरे मोल त्या बटणात नसून, अहवाल तयार करणाऱ्या दुसऱ्या बटणात आहे.

संगणकाची कळ दाबल्यापासून प्रणाली सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत ताबा एका हातातून दुसऱ्या हातात जात असतो : फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) बूटलोडर शोधते, बूटलोडर कर्नल (प्रणालीचा मूळ भाग) शोधतो आणि कर्नल पुढचा सगळा संसार मांडतो. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स नांदत असतील, तर बहुधा ग्रब हा बूटलोडर दोघांची यादी दाखवतो. हा ग्रब १९९५ साली एरिक बोलिन यांनी लिहायला घेतला होता. आज वापरात असलेला ग्रब २ हे त्याचे मुळापासून केलेले नवे लेखन आहे. जुन्या बायोस पद्धतीत त्याची सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये होते. त्यातले जेमतेम ४४६ बाइट त्याच्या वाट्याला येत असल्याने उरलेला भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या रिकाम्या जागेत ठेवावा लागतो. नव्या युईएफआय पद्धतीत फॅट३२ स्वरूपाचे एक छोटे पार्टिशन असते, त्यात प्रत्येक प्रणालीचे वेगळे फोल्डर असते आणि कोणती फाइल आधी चालवायची याची यादी मदरबोर्डवरच्या स्मृतीत साठवलेली असते. या साखळीतली कोणतीही एक कडी तुटली तरी वापरणाऱ्याला दिसते ते एकच, की संगणक सुरू होत नाही. कोणती कडी तुटली हे न पाहता ग्रब पुन्हा बसवणे म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून टाकी न बघताच नळ बदलण्यासारखे आहे.

बूट-रिपेअर हे मुक्त आणि विनामूल्य साधन आहे. ‘यानउबुंटू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकासकाने ते तयार केले असून उबुंटूच्या पीपीए भांडारातून (विकासकांच्या स्वतंत्र पॅकेज-साठ्यातून) ते मिळते. ते मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह सत्र (डिस्कवर काही न बसवता चालणारी प्रणाली) सुरू करून, टर्मिनलमध्ये पीपीए जोडून ते तात्पुरते बसवता येते. ल्युबुंटूवर आधारलेली बूट-रिपेअर-डिस्क नावाची स्वतंत्र आयएसओ (पेनड्राइव्हवर भरायची फाइल) उतरवून घेता येते. किंवा लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह वापरता येतो, कारण मिंटच्या लाइव्ह सत्रात, मेनूतील ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या गटात, बूट रिपेअर आधीपासूनच दिलेले असते. मी अलीकडे तिसराच मार्ग धरतो. बंद पडलेल्या संगणकासमोर बसलेल्या माणसाला आधी इंटरनेट जोडा, मग भांडार जोडा, मग पॅकेज बसवा असे सांगण्यापेक्षा मेनूतून थेट साधन उघडायला सांगणे कितीतरी सोपे पडते, आणि फोनवरून मार्गदर्शन करताना तर हा फरक फारच जाणवतो.

पेनड्राइव्ह कोणताही असो, तो कोणत्या पद्धतीने सुरू झाला हे साधन उघडण्यापूर्वी पाहिलेच पाहिजे. पुष्कळ संगणकांच्या बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा युईएफआय या शब्दासह आणि एकदा त्याशिवाय. डिस्कवरच्या प्रणाली युईएफआय पद्धतीने बसवलेल्या असतील तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करावा लागतो; नाहीतर साधनाला मदरबोर्डवरची यादी दिसत नाही आणि दुरुस्तीची दिशाच बदलते. लाइव्ह सत्रात ‘/सिस/फर्मवेअर’ या फोल्डरच्या आत ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर आहे का, एवढे पाहिले की खात्री होते. या अर्ध्या मिनिटाच्या तपासणीने माझे काही तास वाचवले आहेत.

साधन उघडले की ते काही वेळ डिस्क चाळते आणि मग एक साधी खिडकी समोर येते. ‘शिफारस केलेली दुरुस्ती’ करणारे बटण ठळक असते, ‘बूट-इन्फो सारांश’ तयार करणारे बटण वेगळे असते आणि खाली प्रगत पर्यायांची घडी मिटलेली असते. रचना साधी आहे, शब्द मोजके आहेत आणि घाबरलेल्या वापरकर्त्याचा गोंधळ होऊ नये याची काळजी घेतलेली दिसते. पण याच साधेपणामुळे हात आपोआप दुरुस्तीच्या बटणाकडे जातो. अहवालाचे बटण आधी दाबावे असे ती खिडकी सुचवत नाही, आणि या साधनाविषयीची माझी पहिली तक्रार हीच आहे.

अहवालाचे बटण दाबल्यावर साधन डिस्कवर काहीही बदल न करता सगळी माहिती गोळा करते आणि तो मजकूर ऑनलाइन चढवायचा का असे विचारते. चढवला तर एक दुवा मिळतो, जो जाणकार माणसाला पाठवता येतो. नकार दिला तर तोच मजकूर आपल्याच पडद्यावर उघडतो. डिस्कचे प्रकार, पार्टिशनांची नावे आणि ओळखक्रमांक त्यात असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या किंवा कचेरीच्या संगणकाचा अहवाल चढवण्यापूर्वी मालकाला विचारावे. अहवाल इंग्रजीत असतो आणि लांबलचक असतो. सगळ्या ओळी वाचण्याची गरज नसते, परंतु तीन जागा वाचायलाच हव्यात. सुरुवातीच्या सारांशात बूटलोडर कुठे बसला आहे आणि तो कोणत्या पार्टिशनकडे पाहतो आहे हे लिहिलेले असते. मधल्या भागात मदरबोर्डवरच्या नोंदी त्यांच्या क्रमासह दिलेल्या असतात आणि सिक्युअर बूट (फक्त मान्य स्वाक्षरी असलेल्या फाइली चालू देणारी सोय) चालू आहे की बंद, हेही तिथेच कळते. सर्वात शेवटी ‘सुचवलेली दुरुस्ती’ या शीर्षकाखाली, दुरुस्तीचे बटण दाबले असते तर साधनाने नेमके काय केले असते, ते स्पष्ट शब्दांत दिलेले असते : कोणते पॅकेज काढले जाईल, कोणते पुन्हा बसेल, कोणत्या पार्टिशनवर बसेल आणि सोबत आणखी कोणते बदल होतील. आपण काय करणार आहोत हे करण्याआधी इतक्या प्रामाणिकपणे सांगणारी दुरुस्तीची साधने मी फार थोडी पाहिली आहेत.

वाचनालयातल्या जुन्या डेस्कटॉपचे उदाहरण देतो, कारण अहवालाची ताकद मला तिथे सर्वात स्पष्ट दिसली. त्या यंत्रावर विंडोज ७ आणि लिनक्स मिंट होते, पद्धत बायोसची होती आणि मिंट एका लॉजिकल पार्टिशनवर होते, ज्याचा क्रमांक ६ होता. ५ क्रमांकाचे पार्टिशन रिकामेच पडले आहे असे पाहून एका उत्साही कार्यकर्त्याने ते विंडोजमधून काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या पडद्यावर ‘असे पार्टिशन नाही’ या अर्थाचा संदेश आणि त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ हे शब्द आले. मिंट नष्ट झाले असेच सगळ्यांना वाटले. अहवालातली एक ओळ मात्र सांगत होती की, ग्रबचा गाभा आपल्या जागी सुखरूप आहे आणि तो ६ क्रमांकाच्या पार्टिशनवरील ‘/बूट/ग्रब’ शोधतो आहे. पुढच्याच भागात मिंटची सगळी फाइल-व्यवस्था ५ क्रमांकावर नांदताना दिसत होती. लॉजिकल पार्टिशनांचे क्रमांक ओळीने लागतात, मधले एक गेले की पुढची एकेक क्रमांक मागे सरकतात. घर तेच होते, फक्त दारावरची पाटी बदलली होती.

एवढे कळल्यावर उपाय दोन होते. ‘ग्रब रेस्क्यू’च्या पडद्यावरच ‘एलएस’ ही आज्ञा देऊन पार्टिशनांची यादी पाहता येते, ‘सेट प्रीफिक्स’ या आज्ञेने नवा क्रमांक सांगता येतो, मग ‘नॉर्मल’ हे मॉड्यूल चढवून नेहमीचा मेनू आणता येतो. मी आधी तसे करून मिंट सुरू होत असल्याची खात्री करून घेतली. परंतु हा उपाय तेवढ्या वेळेपुरताच टिकतो, कारण ग्रबच्या गाभ्यात जुना क्रमांक कोरलेलाच राहतो. म्हणून नंतर बूट-रिपेअरच्या शिफारस केलेल्या दुरुस्तीने ग्रब पुन्हा बसवला, आणि पाच-सात मिनिटांत काम कायमचे संपले. अशा प्रसंगी ते ठळक बटण अगदी योग्य असते : बिघाड ग्रबमध्येच होता, उपाय ग्रब पुन्हा बसवण्याचाच होता, आणि तो साधनाने बिनचूक केला.

दुसरा प्रसंग भाचीच्या लॅपटॉपचा आहे. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री तिने फोन केला : “मामा, उबुंटू दिसतच नाहीये, थेट विंडोजच चालू होतंय.” त्या दिवशी लॅपटॉपचे फर्मवेअर अद्ययावत झाले होते. मिंटच्या पेनड्राइव्हवरून अहवाल काढायला सांगितला आणि तिने दुवा पाठवला. छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये उबुंटूचे फोल्डर जसेच्या तसे होते, त्यातल्या ‘शिम’ (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारी स्वाक्षरी असलेली फाइल) आणि ‘ग्रब’ या दोन्ही फाइली जागेवर होत्या, उबुंटूचे पार्टिशनही निरोगी होते. मदरबोर्डवरच्या यादीत मात्र फक्त विंडोज बूट मॅनेजर उरला होता. म्हणजे डिस्कवर काहीच बिघडले नव्हते, फर्मवेअर पत्ता विसरले होते. अहवालाच्या शेवटी सुचवलेल्या दुरुस्तीत मात्र ग्रबचे पॅकेज काढून पुन्हा बसवणे आणि आणखी दोन-तीन बदल मांडलेले होते. त्यांपैकी एकाचीही गरज नव्हती. लाइव्ह सत्राच्या टर्मिनलमध्ये ‘ईएफआय-बूट-एमजीआर’ या आज्ञेने डिस्क, पार्टिशनचा क्रमांक आणि शिमच्या फाइलचा मार्ग सांगून नवी नोंद तयार केली आणि रात्री साडेअकरा वाजता तिचे उबुंटू उघडले. दुरुस्तीच्या बटणानेही बहुधा तेच साध्य झाले असते, पण वसतिगृहाच्या डळमळीत इंटरनेटवर पॅकेज काढून पुन्हा बसवण्याचा धोका त्या रात्री मी तिला पत्करू दिला नसता.

हा धोका मी उगाच सांगत नाही. एका मित्राच्या घरी मी नेमके हेच केले होते. अहवाल न काढताच दुरुस्तीचे बटण दाबले. साधनाने टर्मिनलमध्ये चिकटवण्यासाठी काही आज्ञा दिल्या, त्यांतल्या पहिल्या आज्ञांनी जुना ग्रब काढला आणि नव्या पॅकेजची वेळ आली तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटची रेंज गेली. आधी निदान अर्धवट का होईना पण ग्रब होता, आता काहीच नव्हते. शेवटी लिनक्सचे पार्टिशन लाइव्ह सत्रात जोडून, ‘सीएचरूट’ने त्याच्या आत शिरून, ग्रब हाताने बसवावा लागला, आणि त्यासाठी रात्रीचे दोन वाजले. जुने पॅकेज काढण्यापूर्वी नवे पॅकेज उतरवून तयार ठेवावे, एवढी दक्षता या साधनाने घेतली तर असे प्रसंग टळतील. माझी ही दुसरी आणि सर्वात गंभीर तक्रार आहे. तोवर इंटरनेट खात्रीचे असल्याशिवाय पॅकेज काढण्याचा पर्याय निवडू नये. अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘पर्ज’ (पॅकेज समूळ काढणे) हा शब्द दिसला की थांबावे, प्रगत पर्याय उघडावेत आणि साधे पुनर्स्थापन पुरेसे होते का ते आधी पाहावे.

प्रगत पर्यायांची ती घडी घाबरून न उघडणाऱ्यांनी ती एकदा तरी निवांतपणे पाहावी. ग्रब कोणत्या पार्टिशनसाठी बसवायचा, ईएफआय पार्टिशन कोणते वापरायचे, सिक्युअर बूटसाठी स्वाक्षरी असलेली फाइल घ्यायची का, लपलेला मेनू दाखवायचा का, असे प्रश्न तिथे वेगवेगळ्या टॅबमध्ये मांडले आहेत. दोन डिस्क असलेल्या संगणकांवर ईएफआय पार्टिशन निवडण्याचा पर्याय अमूल्य ठरतो. उबुंटूच्या जुन्या युबिक्विटी इन्स्टॉलरमध्ये दुसरी डिस्क निवडली तरी ग्रब पहिल्याच डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये जातो ही तक्रार अनेक वर्षांची आहे, आणि पुढे पहिली डिस्क काढली किंवा बदलली की दुसऱ्या डिस्कवरचे उबुंटू निराधार होते. बूट-रिपेअरमध्ये योग्य ईएफआय पार्टिशन निवडून ग्रब त्याच्या हक्काच्या डिस्कवर हलवणे हे माझ्या अनुभवात त्याचे सर्वात सफाईदार काम आहे.

याच भागात एका गोष्टीपासून सावध राहावे लागते. काही फर्मवेअर हट्टाने फक्त विंडोजची ‘बूट-एमजीएफडब्ल्यू’ हीच फाइल चालवतात. अशा यंत्रांसाठी त्या फाइलची प्रत बाजूला ठेवून तिच्या जागी ग्रब बसवण्याची सोय बूट-रिपेअरने दिलेली होती. ही युक्ती काम करते, परंतु विंडोजचे पुढचे मोठे अद्यतन ती फाइल पुन्हा आपल्या फाइलने बदलू शकते, आणि मधल्या काळात कोणत्या नावाखाली कोणती फाइल आहे याचा मालकालाच पत्ता राहत नाही. जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या नोंदीतून ग्रब उघडताना दिसला, तर तो अशाच एखाद्या पूर्वीच्या दुरुस्तीचा परिणाम आहे का हे आधी तपासावे. जुन्या ईएफआय प्रती परत जागेवर ठेवण्याचा पर्यायही साधनात आहे, आणि अशा वेळी तोच वापरावा.

साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद केलेले विंडोज प्रत्यक्षात अर्धनिद्रेत असते आणि त्याचे पार्टिशन लिनक्समधून लिहिण्यासाठी नीट उघडत नाही. म्हणून ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करावे. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कचे कुलूप) चालू असेल तर सिक्युअर बूट किंवा बूटच्या क्रमाला हात लावण्यापूर्वी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याची खात्री करावी, कारण फर्मवेअरमधल्या एका बदलानंतर विंडोज ती मागू शकते, आणि ती सापडली नाही तर बूटलोडर दुरुस्त होऊनही माहिती कुलूपबंद राहते. डिस्क फर्मवेअरमध्ये आरएआयडी किंवा आरएसटी (अनेक डिस्क एकत्र हाताळण्याच्या) पद्धतीवर ठेवलेली असेल, तर पुष्कळदा लिनक्सला एनव्हीएमई डिस्कच दिसत नाही आणि मग बूट-रिपेअर तरी काय शोधणार? विंडोजचे स्वतःचे बूट-दफ्तर मोडले असेल, तर त्यासाठी विंडोजचाच पेनड्राइव्ह आणि त्यातली ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा लागते. ती जागा बूट-रिपेअर घेऊ शकत नाही. विंडोजची मांडणी ईएफआय पार्टिशनला अनेकदा केवळ १०० एमबी देते, आणि ते भरून गेले असेल तर नवी फाइल लिहिलीच जात नाही, हेही अहवालातूनच ओळखता येते.

उबुंटू, मिंट आणि डेबियन या कुटुंबाबाहेर मी हे साधन फक्त अहवालासाठी वापरतो. फेडोरामध्ये युईएफआय यंत्रावर ‘ग्रब२-इन्स्टॉल’ चालवू नये, त्याऐवजी ग्रब आणि शिमची पॅकेजेस पुन्हा बसवावीत, असे फेडोराचे मार्गदर्शन आहे. पॉप ओएस युईएफआयवर ग्रब वापरतच नाही, तिथे सिस्टमडी-बूट हा वेगळा बूटलोडर असतो. अशा ठिकाणी शिफारस केलेली दुरुस्ती म्हणजे दुसऱ्या कुलपाची किल्ली होते.

काही तक्रारी तर दुरुस्तीच्या नसतातच. ग्रबच्या मेनूत उबुंटू दिसते पण विंडोज दिसत नाही, असे २०२१ सालच्या ग्रब २.०६ नंतर वारंवार होऊ लागले, कारण त्या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवला जातो. ग्रबच्या मांडणीच्या फाइलमध्ये तो चालू करणारी एक ओळ घालून ‘अपडेट-ग्रब’ चालवले की विंडोज यादीत परत येते. यासाठी पेनड्राइव्हची गरज नाही आणि बूट-रिपेअरचीही नाही.

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अद्यतनानंतर दोन प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरूच होईना, ती घटना इथे आठवणे आवश्यक आहे. त्या अद्यतनाने शिमच्या जुन्या आवृत्त्या नाकारणारी एसबॅट यादी फर्मवेअरमध्ये लिहिली. दोन प्रणालींच्या संगणकांना ती लागू होऊ नये असा मायक्रोसॉफ्टचा हेतू होता, परंतु काही यंत्रांवर दुसरी प्रणाली ओळखली गेली नाही, आणि ‘एसबॅट स्व-तपासणी अयशस्वी’ असा संदेश देऊन ती यंत्रे बंद होऊ लागली. मायक्रोसॉफ्टने ही अडचण मान्य केली आणि मे २०२५ च्या अद्यतनांत ती सोडवली. त्या वेळी अनेकांनी ग्रब पुन्हा बसवण्यासाठी कपाटातले जुने पेनड्राइव्ह काढले, आणि त्या पेनड्राइव्हवरचा शिमही जुनाच असल्याने ते देखील नाकारले गेले. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स उघडणे, ‘मोकयुटिल’ या आज्ञेने एसबॅटचे धोरण पुसणे, शिम अद्ययावत करणे आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करणे हा त्यावरचा मार्ग होता. तेव्हापासून दुरुस्तीचा पेनड्राइव्ह मी वर्षातून दोनदा नव्या आयएसओने भरतो. बूट-रिपेअर-डिस्कऐवजी मिंट वापरण्याचे हेही एक कारण आहे, कारण मिंटच्या आयएसओ नियमितपणे नव्या होत राहतात.

पर्यायांचा विचार केला तर सुपर ग्रब२ डिस्क हे बूट-रिपेअरचे स्पर्धक नसून सोबती आहे. ते डिस्कवर काहीही लिहीत नाही. पेनड्राइव्हवरून सुरू होऊन ते यंत्रावरच्या सगळ्या प्रणाली शोधते, यादी दाखवते आणि आपण निवडलेली प्रणाली सुरू करून देते. प्रणाली सुस्थितीत आहे पण दार सापडत नाही, अशा वेळी तिच्यात शिरून ग्रब आतूनच पुन्हा बसवणे हा सर्वात सुरक्षित उपाय असतो, आणि त्यासाठी लागणारा प्रवेश हे साधन मिळवून देते. रॉडरिक स्मिथ यांचा ‘रेफाइंड’ हा वेगळ्या वळणाचा बूट व्यवस्थापक आहे : तो प्रत्येक वेळी सुरू होताना ईएफआय फाइली नव्याने शोधतो, त्यामुळे यादी शिळी होण्याचा प्रश्न फारसा येत नाही. तीन किंवा अधिक प्रणाली ठेवणाऱ्या आणि त्या सतत बदलणाऱ्या माणसाला मी ग्रबच्या दुरुस्तीपेक्षा रेफाइंड बसवण्याचाच सल्ला देईन. मात्र सिक्युअर बूट चालू ठेवून तो बसवायचा तर चाव्यांची नोंदणी समजून घ्यावी लागते, आणि नवशिक्यांना ती जड जाते.

हाताने दुरुस्ती करणाऱ्यांना बूट-रिपेअरची गरज आहे का, असा प्रश्न मला विचारला जातो. पार्टिशन जोडणे, ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’ आणि ‘/सिस’ आत बांधणे, सीएचरूट करणे, ग्रब बसवणे आणि यादी अद्ययावत करणे या पाच-सहा आज्ञा ज्याला पाठ आहेत, त्याला दुरुस्तीच्या बटणाचे अप्रूप नाही. पण अहवाल त्यालाही हवा. सहा वेगवेगळ्या आज्ञांनी जे कळेल ते एका जागी, एका क्रमाने आणि दुसऱ्याला दाखवता येईल अशा स्वरूपात मिळणे ही सोय अनुभवी माणसालाही नाकारता येणार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर ज्यांनी जुन्या संगणकावर विंडोजशेजारी लिनक्स बसवायला घेतले, त्यांनी तर हे साधन ओळखीचे करून घ्यावेच, आणि दुरुस्तीला बसण्यापूर्वी त्याच लाइव्ह सत्रातून आपले फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. बूटलोडर बिघडला तरी माहिती बहुतेक वेळा सुखरूप असते. ती हरवते ती नंतरच्या घाईत.

वाचनालयात आता आम्ही आणखी एक पद्धत पाळतो. संगणक निरोगी असतानाच बूट-रिपेअरचा अहवाल काढायचा, ‘सुचवलेली दुरुस्ती’ हा शेवटचा भाग वगळून तो छापायचा, त्यावर तारीख घालायची आणि संगणकाच्या खरेदीच्या पावतीसोबत कपाटात ठेवायचा. यंदाच्या पावसाळ्यात वीज गेल्यानंतर दुसऱ्या डेस्कटॉपवर मेनू येईना, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी मला फोन करण्यापूर्वीच नवा अहवाल काढून तो जुन्या कागदाशेजारी ठेवला होता, आणि मदरबोर्डवरच्या यादीतली उबुंटूची नोंद गेली आहे हे मला त्यांनीच सांगितले.